तोतया

पहिल्यांदा गेला तेव्हा वाटलं, वीज गेली.
पण दिवा चालू होता,
रेडिएटर गुरगुरत होता,
फक्त पडदा काळा, पंख्यांचा एक उसासा,
आणि मग पुन्हा ते अर्धं खाल्लेलं सफरचंद,
जणू काही झालंच नाही.

हा हॅकिन्टॉश तानेलने बांधला, माझ्या भावाने,
नॉर्वेच्या जहाजावर जायच्या आदल्या आठवड्यात,
स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून.
मदरबोर्ड तैवानचा, डबा पोलंडहून,
पॉवर सप्लाय घरच्याच जुन्या मशीनमधला,
"धडधाकट आहे अजून," म्हणाला.
नाव, गाव, सिरियल नंबर, सगळं खोटं.
सिस्टीम विचारते, तू कोण?
तो सांगतो, तुमच्याच घराण्यातला.
तिला पटतं.

तोतया नुसता खोकला तरी
लोक म्हणतात, बघा, उघडा पडला.
मीही आधी त्याच्या खोटेपणावरच संशय घेतला.
तांदळातून खडे निवडावेत तसे
एकेक केक्स्ट काढले, परत घातले.
रॅमची एक पट्टी काढली, एक ठेवली, मग उलट.
रात्रभर चाचणी: चार फेऱ्या, चुका शून्य.
प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून
वाटाण्याएवढी नवी लावली.
लॉगमधली शेवटची ओळ दर वेळी वेगळी,
तीसुद्धा अर्धीच,
बोलता बोलता फोन कटावा तशी.

मी माहितीपटांचे आवाज जुळवते.
या खेपेला दलदलीतले क्रौंच, बावीस ट्रॅक.
तार्तूत जानेवारीचा दिवस
पावणेचारलाच दुकान बंद करतो,
आणि मी वहीत वेळा टिपत बसलेली:
११.१०
४.४२
७.०५
४.४२ पुन्हा.
ताल लागेना.

समोरच्या फ्लॅटमधल्या हेल्वेबाई
काळी पाव आणि दही घेऊन आल्या.
तीस वर्षं सूतगिरणीत
धागा कुठे तुटतो ते बघत उभ्या राहिलेल्या.
वही चाळली, चष्मा वर सारला.
"हा कधी गेला ते लिहिलंयस.
तेव्हा तू काय करत होतीस?"

आठवून आठवून लिहिलं.
चहा.
दार वाजलं म्हणून उठले.
चहा.
आईचा फोन.
खिडकीतून नदीवरचा बर्फ बघत होते, उगीच.

बावीस ट्रॅक एकदम फिरत असताना,
पंखे घोंघावत, तापमान ऐंशीला टेकलेलं,
चार चार तास
हा पठ्ठ्या जागचा हलला नव्हता.
मी पाठ फिरवली की जायचा.

प्रोसेसर गाढ झोपतो
तेव्हा मागतो इतकी थोडी वीज
की जुन्या सप्लायला वाटतं,
घरात कुणी नाहीच,
आणि तो दार ओढून निघून जातो.
बस, एवढंच.
खोटेपणाचा काही संबंध नव्हता.

तानेलला सांगितलं. पलीकडे नुसता वारा.
"म्हणजे काम कमी झालं म्हणून?"
"हो."
बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "बायोसमध्ये जा, सी-सेव्हन बंद कर."
"त्याला झोपूच द्यायचं नाही?"
"गाढ नाही. डुलकी चालेल."
"आणि तू मार्चमध्ये येतोयस ना?"
"बघतो. इथे डबल शिफ्ट मिळतेय."

बंद नाही केलं.
क्रौंचांचे पैसे आले नव्हते तरी
नवा सप्लाय मागवला.
एक स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला,
तो तिथेच आहे.

आता या दुरुस्तीची चाचणी म्हणजे
काहीच न करणं.
माउसला हात लावायचा नाही.
हेल्वेबाई मोजा विणतायत, मी हात मांडीवर ठेवून.
पडद्यावर एक क्रौंच
पंख अर्धे उघडून थांबलेला.
बाहेर केव्हाच रात्र.

४.४१.
हेल्वेबाईंनी टाके मोजायचे थांबवले.
४.४२.
४.४३.